धागा: जुनी ८०० (कार्ब्युरेटर) आयडलिंगला मिसिंग मारते, पावसात जास्त. कुठून सुरुवात करावी?

असगोलीकर

गाडी १९९३ ची मारुती ८००, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर, पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणारा). मुक्काम गुहागर, गाडी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उघड्या पडवीत असते. लक्षणं अशी: सकाळी चालू केल्यावर सगळी गाडी थरथरते, चोक आत ढकलला की आयडलिंगला बंद पडते. रेस दिली की बऱ्यापैकी सरळ होते. ऊन पडलं की त्रास कमी, झड लागली की दुप्पट. घाटात तिसऱ्या गिअरला ओढ नाही. प्लग आणि एअर फिल्टर नवीन आहेत. गॅरेजमध्ये सांगतात की कार्ब्युरेटर गेला, पूर्ण नवीन बसवा. तो खर्च करण्याआधी घरी काय काय तपासता येईल? मल्टिमीटर, फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) आणि पाने आहेत.

जांभादगड

कार्ब्युरेटरला आत्ता हातही लावू नका. कारण साधं आहे. या गाडीत एकच कार्ब्युरेटर तिन्ही सिलिंडरना पेट्रोल देतो. तो बिघडला तर तिन्ही सिलिंडर बिघडतात. एकच सिलिंडर काम करत नसेल, तर दोष त्या सिलिंडरच्या स्वतःच्या वस्तूंत असतो: त्याचा प्लग, त्याची वायर, डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधलं त्याचं टर्मिनल, त्याचे व्हॉल्व्ह, रिंगा, किंवा त्याच्या इनलेटजवळचं गळकं पॅकिंग. म्हणून पहिला प्रश्न: एक सिलिंडर मेलाय की तिन्ही आजारी आहेत?

त्याच्याही आधी हे बघा की इंजिन खरंच मिसिंग करतंय की नुसतं हलतंय. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं थरथरतं, आणि माउंटिंगचं रबर फाटलं की ती थरथर थेट बॉडीत येते. सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हात धरा. हवेचे ठोके एकसारखे येत असतील तर माउंटिंग बघा. मध्येच ठोका गळत असेल, ‘फट फट फुस्स’ असं होत असेल, तर मिसिंग.

मग सिलिंडर एकेक करून तोडून बघा. इंजिन गरम करा, आयडल स्क्रूने रेस थोडी वाढवून हजाराच्या आसपास ठेवा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा आणि तिच्या टोकात एक जुना प्लग घालून तो हेडच्या धातूला नीट टेकवून बांधा. वायर हवेत मोकळी सोडू नका, करंटला जायला वाट मिळाली नाही तर कॉइलचं किंवा कॅपचं इन्सुलेशन फुटतं. आता चालू करून इंजिन किती पडतं ते ऐका. तिन्हींना असंच करा. वायर काढल्यावर चांगल्या सिलिंडरला इंजिन ठळकपणे पडतं, मेलेल्याला काहीच फरक पडत नाही. टायमिंग बेल्टच्या बाजूचा एक नंबर. फायरिंग ऑर्डर १-३-२, त्यामुळे वायरी परत लावताना अदलाबदल होऊ देऊ नका.

कुडाळचो_फिटर

रातीक काळोखात बॉनेट उघडून चालू गाडी बघ. निळी ठिणगी खय नाचता ती दिसतली. आधी प्लगच्यो वायरी बघ, मगे कार्ब्युरेटराक हात घाल.

हर्णैकर

फिटरकाकांचं बरोबर आहे, त्यात थोडी भर घालतो. काळोखात झाडांना पाणी मारायची स्प्रे बाटली घ्या, अगदी बारीक धुकं सोडा आणि वायरींवर, कॅपवर, कॉइलच्या तोंडावर एका वेळी एकाच ठिकाणी मारा. ज्या जागी मारल्यावर इंजिन अडखळेल तिथे गळती आहे. चालू इंजिनात वायरींना हात लावू नका, सैल बाही किंवा ओढणी असेल तर पंख्याच्या बाजूला उभं राहू नका.

आपल्या किनाऱ्यावर हे इतकं का होतं ते समजून घेतलं तर शोधायला सोपं जातं. खारा वारा प्लॅस्टिकवर मिठाचा पातळ थर चढवतो. कोरडा असताना तो फारसा त्रास देत नाही. हवेत दमटपणा वाढला की मीठ ओलावा ओढून घेतं, आणि तोच थर वीज वाहून नेऊ लागतो. हजारो व्होल्टचा करंट प्लगच्या फटीतून उडी मारण्याऐवजी पृष्ठभागावरून सोप्या वाटेने अर्थला जातो. ऊन पडल्यावर गाडी सुधारते, झडीत बिघडते, हे लक्षण जवळजवळ नेहमी इग्निशनचं. पेट्रोलच्या दोषाला ऊन-पाऊस इतका कळत नाही.

कॅप काढा आणि आतून उजेडात तिरकी धरून बघा. दोन टर्मिनलच्या मध्ये किंवा टर्मिनलपासून कडेपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी, फांद्या फुटलेली रेघ दिसली तर तो कार्बनचा माग. घासून तो जात नाही, कॅप बदलावीच लागते. रेघ नसेल तर कॅप साध्या गोड्या पाण्याने धुवा, मग स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळवा. नुसत्या कोरड्या फडक्याने मीठ निघत नाही. मधला कार्बनचा खुंट स्प्रिंगवर मोकळा आत-बाहेर होतोय का, रोटरच्या पितळी टोकावर पांढरट-हिरवा थर आहे का, हेही बघा. वायरीचा रोध मल्टिमीटरने मोजा: तिन्हींत फार तफावत नको, आणि एखादी पंधरा-वीस किलोओमच्या वर गेली की ती बाद. मोजताना वायर हलवून-वाकवून बघा, आकडा उडाला तर आत तुटलेली आहे.

पॉइंट आहेत तर त्यांची फट पूर्ण उघडल्यावर ०.४ ते ०.५ मि.मी. हवी. टोकावर खड्डा आणि समोर उंचवटा झाला असेल तर कंडेन्सरही संशयित धरा. प्लगची फट ०.७ ते ०.८ मि.मी. प्लग नवीन असले तरी फट तपासल्याशिवाय बसवू नका.

केळशीची_लेक

एक गोष्ट राहिली: अर्थिंग. इंजिन ते बॉडी अशी जी वेणीची किंवा जाड वायरीची पट्टी असते, ती खाऱ्या हवेत आतून हिरवी होऊन कुजते, बाहेरून शाबूत दिसते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटाला, दुसरं इंजिनच्या कोऱ्या धातूला. कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी काढून दोन्ही जागा चकाकेपर्यंत घासा, बोल्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. अर्थ कुजला की स्टार्टर ओढत असताना इग्निशनच्या वाट्याला व्होल्टेज कमी येतं, त्यामुळे नेमकी थंडीत आणि पावसातच ठिणगी कमजोर पडते.

असगोलीकर

सगळ्यांचे आभार. सायलेन्सरला ठोका गळतोय, म्हणजे मिसिंग नक्की. १ आणि ३ ची वायर काढली की इंजिन पडतं, २ ला अगदी किरकोळ फरक. २ चा प्लग काळा आणि पेट्रोलने ओला, बाकी दोन तपकिरी. अर्थिंगला ०.६ व्होल्ट येत होते, पट्टी साफ करून ०.१५ वर आले. मिसिंगमध्ये थोडा फरक, पण आहेच.

जांभादगड

प्लगचा रंग बोलका आहे. तपकिरी म्हणजे जळण नीट. तिन्ही काळे-कोरडे असते तर मिश्रण जाड, म्हणजे कार्ब्युरेटर किंवा अडकलेला चोक. तिन्ही पांढरे असते तर पातळ. तुमच्याकडे दोन ठीक आणि एकच ओला, म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाही. पेटायला दोनच गोष्टी लागतात, ठिणगी आणि दाब.

आता अदलाबदल करा, एका वेळी एकच वस्तू. आधी २ आणि ३ चे प्लग बदला. ओलेपणा ३ ला गेला तर प्लग. नाही गेला तर प्लग जागच्या जागी, वायरींची अदलाबदल. लांबी पुरत असेल तर कॅपकडून काढून दोन्ही टोकं पूर्ण बदला. दोष वायरीबरोबर गेला तर वायर, तिथेच राहिला तर कॅप किंवा दाब. एकदम तीन गोष्टी बदलल्या तर गाडी सुधारली तरी कशाने ते कळत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात परत तेच.

वाशिष्ठीकाठ

दोन दोष एकत्र असू शकतात, म्हणून पेट्रोलची बाजूही सोडू नका. ही एक साधी परीक्षा: एअर फिल्टरचं झाकण काढा, आयडलिंगला असताना कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात हळूहळू अर्धा-पाऊण झाका. इंजिन सुधारलं, रेस वाढली, तर मिश्रण पातळ होतं: कुठेतरी हवा चोरतेय (भेगेतून जास्तीची हवा आत ओढतेय) किंवा आयडल जेट चोंदलाय. लगेच गुदमरलं तर मिश्रण पातळ नाही. बॅकफायर होत असेल तर हात नको, चोक थोडा ओढून हेच बघा.

हवा चोरण्याच्या जागा: कार्ब्युरेटरखालचं जाड इन्सुलेटर पॅकिंग, इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढे घेणारी) नळी, पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारी) नळी, ब्रेक बूस्टर असेल तर त्याची नळी. रबर वाकवून बघा, बारीक भेगा वाकवल्याशिवाय दिसत नाहीत. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढा आणि जीभ लावून धरा. ओढ टिकली नाही तर पडदा फाटलाय. गळती शोधायला ज्वलनशील स्प्रे वापरू नका, शेजारीच पॉइंटची ठिणगी असते. साबणाचं पाणी मारा, भेगेत पाणी ओढलं गेलं की इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो.

आयडल बंद करणारा छोटा सोलेनॉइड कार्ब्युरेटरवर आहे. चावी ऑन करताना टिक आवाज आला पाहिजे. त्याची एकेरी वायर गंजून सैल झाली की चोक आत ढकलताच गाडी बंद पडते आणि लोक कार्ब्युरेटर बदलतात.

आणि टाकी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं, आणि मर्यादेबाहेर पाणी झालं की पाणी-इथेनॉल मिळून वेगळा थर तळाशी बसतो, जिथून पेट्रोल ओढलं जातं तिथेच. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून उभी राहिलेली गाडी असेल तर फिल्टरआधीची नळी काढून अर्धा लिटर पारदर्शक बाटलीत घ्या, उघड्यावर, जवळपास आग-विडी नाही अशा जागी. अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा. जुन्या नळ्या या पेट्रोलने फुगून मऊ पडतात. बदलताना एसएई जे३० आर९ छापाची नळी मागा, साधी रबरी नळी नको.

चिपळूण-खेडकडून सेकंडहँड घेतलेली गाडी असेल तर एक जास्तीची तपासणी: २२ जुलै २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या अजून फिरतात. फ्लोट चेंबरच्या तळाशी, फ्यूज बॉक्सच्या मागे, डिस्ट्रिब्युटरच्या पोटात वाळलेला बारीक गाळ सापडला तर वायरिंगचे सगळे जोड उघडून बघावे लागतील.

केळशीची_लेक

उभ्या गाडीत कुंभारीण माशी नळ्यांच्या तोंडात मातीचं घर करते, हेही बघा. टाकीत हवा घेणारी नळी बुजून टाकीचा श्वास बंद झाला की गाडी थोडं चालून बंद पडते, झाकण उघडलं की ‘फुस्स’ होऊन परत चालू होते. आणि उंदराने कुरतडलेली वायर टेपखाली लपलेली असते, हाताने चाचपा.

असगोलीकर

प्लग बदलून फरक नाही. वायरी बदलल्यावर मिसिंग बरंचसं ३ ला गेलं. काळोखात पाहिलं, २ ची वायर टॅपेट कव्हरच्या कडेला घासून एका जागी चिरली आहे, तिथून निळी ठिणगी कव्हरवर उडत होती. वायरींचा नवा संच आणि कॅप टाकली, पावसात आता गाडी बंद पडत नाही. पण गरम झाल्यावर आयडलिंग अजून असमान, घाटात ओढ नाही. २ ची वायर काढली की इंजिन पडतं, पण १-३ पेक्षा कमी. तळहाताची परीक्षा केली, इंजिन लगेच गुदमरतं.

जांभादगड

म्हणजे इंजिन कुठून हवा चोरत नाही, ठिणगी आली. राहिला दाब. कॉम्प्रेशन गेज भाड्याने किंवा ओळखीच्या फिटरकडून मिळवा, स्क्रूने आवळायचा हवा, हाताने दाबून धरायचा नको.

इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलकडे जाणारी प्रायमरी वायर काढलेली, बॅटरी पूर्ण चार्ज. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा, नाहीतर हवाच आत जात नाही आणि तिन्ही आकडे खोटे कमी येतात. काटा चढायचा थांबेपर्यंत, साधारण पाच-सहा फेरे, स्टार्टर मारा. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: तीन सिलिंडरमध्ये चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा, म्हणजे सुमारे १४ पीएसआयपेक्षा जास्त तफावत नको. जो कमी असेल त्यात चमचाभर, ५ मि.ली., इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून सोडा आणि परत मोजा. आकडा चांगला चढला तर रिंगा किंवा बोअर, कारण तेलाने फट बुजते. जवळजवळ तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर दोघांच्या मधलं पॅकिंग.

असगोलीकर

१: १६० पीएसआय. २: ११८. ३: १५८. तेल सोडून २ ला १२१. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, पाणी कमी होत नाही, डिपस्टिकवर दुधाळपणा नाही.

हर्णैकर

व्हॉल्व्ह. पण हेड उतरवायच्या आधी टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट ठेवणारा स्क्रू) बघा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, त्यामुळे टॅपेटची फट वाढत नाही, उलट कमी होते. आवाज करणारा टॅपेट लोक लगेच आवळून घेतात, पण आवाज बंद झालेला टॅपेट जास्त धोक्याचा. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला टेकूनच सोडतो, टेकलाच नाही की कड जळते. तुमचं लक्षण तेच आहे.

इंजिन रात्रभर थंड होऊ द्या. कव्हर काढा, प्लग काढा म्हणजे हाताने फिरवायला हलकं. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालतं त्याच दिशेने फिरवा. डिस्ट्रिब्युटरचा रोटर २ च्या टर्मिनलसमोर आला आणि २ चे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले दिसले की ते सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकावर. फीलर गेजची ०.१५ मि.मी.ची पाती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधून हलका चिकटपणा जाणवत सरकली पाहिजे. लॉकनट सैल करून स्क्रू फिरवा, स्क्रूड्रायव्हरने स्क्रू धरून ठेवूनच नट आवळा, आणि आवळल्यावर परत मोजा, कारण नट आवळताना स्क्रू फिरतो. पुढचं सिलिंडर क्रँकच्या २४० अंशांवर, १-३-२ या क्रमाने. कव्हरचं पॅकिंग कडक झालं असेल तर नवं घाला, जुन्यातून तेल गळून थेट वायरींवर येतं.

असगोलीकर

२ च्या एक्झॉस्टला ०.०५ ची पातीसुद्धा जात नव्हती. बाकी पाचही ०.१२ ते ०.२० मध्ये. सगळे ०.१५ ला लावले. परत मोजलं: १६१, १४४, १५९. आयडलिंग स्पष्ट सुधारलं, घाटातही ओढ आली. १४४ वर समाधान मानावं की हेड उतरवावं?

जांभादगड

आत्ता उतरवू नका. ११८ वरून १४४ म्हणजे व्हॉल्व्ह परत टेकायला लागला आहे, कडेवर बसलेला कार्बन चालवण्यात थोडा झडतो. ५०० किलोमीटर चालवून थंड इंजिनात २ ची फट आणि गरम इंजिनात दाब पुन्हा मोजा. दाब वाढला किंवा टिकला आणि फटही टिकली, तर मोकळे व्हा. दाब घसरला किंवा फट पुन्हा मिटली, तर सीट खचते आहे किंवा व्हॉल्व्हची कड जळली आहे. मग हेड उतरवावंच लागेल: तो व्हॉल्व्ह नवा, सीट कापून ग्राइंडिंग पेस्टने घासणं, स्टेमचे सगळे सील नवे, हेडचा पृष्ठभाग सरळपट्टी आणि फीलरने तपासणं, हेड पॅकिंग नवं. बेल्ट तसाही निघतो, तेव्हा टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर त्याच वेळी टाका. रत्नागिरी किंवा चिपळूणला सीट कापणारं मशीन मोकळं नसेल तर हेड कोल्हापूरला पाठवतात. पाठवताना व्हॉल्व्हवर नंबर टाका, अदलाबदल नको.

व्हॅक्यूम गेज मिळाला तर हेड न उतरवता आणखी एक पुरावा मिळेल. टी जोडून तो इनटेक मॅनिफोल्डच्या नळीला लावा, कार्ब्युरेटरवरून डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या नळीला नको, तिथे आयडलिंगला ओढ नसते. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) स्थिर दाखवतं. काटा एका ठरावीक तालात दर वेळी तीन-चार इंच खाली टपकत असेल तर जळका व्हॉल्व्ह. हळूहळू तरंगत असेल तर मिश्रण. स्थिर पण कमी असेल तर टायमिंग मागे किंवा हवेची गळती. हे आकडे किनाऱ्यावरचे आहेत. आंबोलीत मोजलंत तर उंचीमुळेच दोनेक इंच कमी दिसेल, तो दोष समजू नका.

वाशिष्ठीकाठ

आणि कार्ब्युरेटरचं सेटिंग आता, सगळ्यात शेवटी करा. टॅपेट, पॉइंट, टायमिंग या क्रमाने झाल्याशिवाय मिश्रणाचा स्क्रू फिरवला तर तो दुसऱ्याच दोषाला झाकतो. इंजिन गरम, चोक पूर्ण आत, एअर फिल्टर लावलेला. मिश्रणाचा स्क्रू अलगद बसेपर्यंत आत, जोर अजिबात नको, सुईच्या टोकाला कडं पडलं की ती पुन्हा कधीच नीट सेट होत नाही. तिथून अडीच फेरे बाहेर. मग पाव-पाव फेऱ्याने रेस सगळ्यात वाढेल ती जागा शोधा, आयडल स्क्रूने रेस ८५० च्या आसपास आणा, आणि पुन्हा एकदा मिश्रण तपासा. स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल तर आयडल जेट काढून हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठं होतं.

असगोलीकर

स्क्रू दोन फेऱ्यांच्या थोडा पुढे बसला. सोलेनॉइडची वायर सैल होती, टोक कापून नवी क्लिप लावली. गौरी-गणपतीच्या धावपळीनंतर ५०० किलोमीटर होतील, तेव्हा २ ची फट आणि दाब इथेच टाकतो.